घातक कचऱ्याचे नियम आणि राज्याचा अंगीकार : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक परीक्षण

केंद्राने केलेला नियम राज्याने केव्हा व कशा रीतीने आपला केला, हा प्रश्न भारतात फारसा विचारला जात नाही. नियम राजपत्रात प्रसिद्ध झाला म्हणजे तो देशभर लागू झाला, एवढ्यावर चर्चा थांबते. घातक कचऱ्याविषयीच्या नियमांचे परीक्षणही बहुधा दोनच अंगांनी होते : कारखानदार नियम पाळतात की नाही, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ ते पाळावयास लावते की नाही. या दोन्ही प्रश्नांच्या आधीचा एक प्रश्न मात्र अस्पर्शित राहतो. नियमाचे शब्द ज्या प्रदेशाला लागू होतात, त्या प्रदेशातील कचरा त्या शब्दांत ओळखू येतो काय? यवतमाळसारख्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात हा प्रश्न कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्यापाशी येऊन ठेपतो. ४ एप्रिल २०१६ रोजी प्रसिद्ध झालेल्या घातक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वहन) नियमांचे या एका वस्तूच्या आधारे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

१

प्रथम अंगीकाराची घटनात्मक बाजू पाहिली पाहिजे. पाणी हा राज्यसूचीतील विषय असल्यामुळे जलप्रदूषणाचा केंद्रीय अधिनियम १९७४ साली संविधानाच्या अनुच्छेद २५२ अन्वये झाला. ज्या राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केले तेथे तो प्रथम लागू झाला. इतर राज्यांना तो नंतर अंगीकारावा लागला. महाराष्ट्राने १९६९ सालीच या विषयावर स्वतःचा अधिनियम केलेला होता व त्याखाली १९७० मध्ये मंडळही स्थापन झाले होते. केंद्रीय अधिनियम महाराष्ट्रात १ जून १९८१ पासून अमलात आला. म्हणजे केंद्राचा कायदा झाल्यापासून राज्याने तो स्वीकारीपर्यंत सुमारे सात वर्षे गेली.

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ याची जातकुळी वेगळी आहे. डिसेंबर १९८४ मधील भोपाळच्या दुर्घटनेनंतर झालेल्या या अधिनियमाच्या उद्देशिकेत १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेतील निर्णयांचा आधार घेतलेला आहे. आंतरराष्ट्रीय परिषदेतील निर्णय अमलात आणण्यासाठी अनुच्छेद २५३ अन्वये संसदेस कोणत्याही विषयावर कायदा करता येतो. राज्यसूची तेथे आड येत नाही. घातक कचऱ्याचे पहिले नियम २८ जुलै १९८९ रोजी या अधिनियमाखाली झाले. २००० व २००३ मध्ये त्यांत मोठ्या सुधारणा झाल्या, २००८ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली व २०१६ मध्ये पुन्हा एकदा संपूर्ण नवी मांडणी झाली. यांपैकी एकाही वेळी महाराष्ट्राच्या विधिमंडळास ठराव करावा लागला नाही. नियम दिल्लीत प्रसिद्ध झाला त्याच दिवशी तो यवतमाळातही लागू झाला.

या दोन पद्धतींपैकी दुसरी अधिक कार्यक्षम आहे, याविषयी वाद नाही. जलप्रदूषणाच्या बाबतीत गेलेली सात वर्षे कोणी आदर्श मानणार नाही. परंतु अंगीकाराच्या पद्धतीत एक गुण होता. केंद्राचा मसुदा आणि राज्याची परिस्थिती समोरासमोर ठेवून पाहण्याचा प्रसंग राज्यावर त्या पद्धतीने आणला होता. १९८६ नंतर हा प्रसंगच उरला नाही. नियम वेळेवर येऊ लागले. पण ते आपल्याकडील कोणत्या कचऱ्याला लागू पडतात व कोणत्या कचऱ्याला लागू पडून निरर्थक ठरतात, हे ठरविण्याची वेळ कोणत्याही राज्यसंस्थेवर आली नाही. आपोआप लागू होणे आणि अंगीकृत होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांतील अंतर कायद्याच्या अभ्यासकांनी पुरेसे मोजलेले नाही.

२

आता नियमांच्या शब्दांकडे वळावयाचे. २०१६ च्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत घातक कचरा निर्माण करणाऱ्या प्रक्रियांची यादी आहे. तीत कीटकनाशकांचे उत्पादन व मिश्रण ही एक प्रक्रिया असून त्याखेरीज 'घातक रसायने व कचरा यांची हाताळणी' अशी एक स्वतंत्र नोंद आहे. या नोंदीखाली घातक रसायनांनी दूषित झालेली रिकामी पिंपे, डबे व अस्तरे येतात. शब्दशः पाहता फवारणीनंतर उरलेला डबा या नोंदीत बसतो. 'रिकामा' आणि 'दूषित' ही दोन विशेषणे एकत्र येणे यातच नियमाची समज दिसते. घरातील व्यवहारात रिकामा डबा म्हणजे निरुपद्रवी डबा. नियमाच्या दृष्टीने मात्र तो अजून रिकामा झालेलाच नाही. आतील द्रव गेला तरी विष भिंतीला उरलेले आहे.

मग हा डबा कोणाच्या जबाबदारीचा? नियमांत 'भोगवटादार' या संज्ञेची व्याख्या दिलेली आहे. कारखाना वा जागा यांच्या कारभारावर ज्याचे नियंत्रण आहे तो भोगवटादार. आणि कचऱ्याच्या संदर्भात, ज्याच्या ताब्यात तो कचरा आहे तोही भोगवटादार. व्याख्येचा हा दुसरा भाग कठोरपणे वाचला तर धुऱ्यावर पडलेल्या डब्याचा भोगवटादार शेतकरी ठरतो. भोगवटादाराने मंडळाकडून प्राधिकारपत्र घ्यावयाचे असते, कचरा सामान्यतः नव्वद दिवसांपेक्षा अधिक काळ साठवावयाचा नसतो, त्याची नोंदवही ठेवावयाची असते व दरवर्षी ३० जूनपर्यंत वार्षिक विवरण सादर करावयाचे असते. ३० जूनच्या सुमारास विदर्भातील कोरडवाहू शेतकरी पेरणीत असतो. मूळ अधिनियमाखालील शास्ती १ एप्रिल २०२४ पासून दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंत आहे. हे सारे त्याला लागू करावे असे कोणीही म्हणणार नाही, आणि कोणी लागू केलेलेही नाही. परंतु एखाद्या नियमाच्या शब्दांत माणूस सापडतो आणि तरीही नियम त्याला उद्देशून बोलत नाही, असे घडते तेव्हा दोष माणसाचा नसतो. तो मसुद्याचा असतो.

हा दोष कोठून आला हेही दिसू शकते. या नियमांना वळण देणारे प्रसंग बंदराचे व कारखान्याचे आहेत. घातक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीवरील बासेल करार १९८९ चा; भारताने त्यास १९९२ मध्ये मान्यता दिली. सर्वोच्च न्यायालयात १९९५ साली दाखल झालेल्या याचिकेतून प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखालील उच्चाधिकार समिती १९९७ मध्ये नेमली गेली व ऑक्टोबर २००३ मध्ये न्यायालयाचा विस्तृत आदेश आला. आयात झालेला कचरा, बंदरांत पडून राहिलेले तेल, कारखान्यांमागील गाळ हे त्या चर्चेचे विषय होते. राज्य शासनाची कर्तव्ये सांगणारा २०१६ चा पाचवा नियमही याच परंपरेतला आहे. उद्योग खात्याने पुनर्प्रक्रियेसाठी जागा राखून ठेवावी, कामगार खात्याने त्या कामातील कामगारांची नोंदणी करावी व त्यांना प्रशिक्षण द्यावे, राज्याने अंमलबजावणीची एकात्मिक योजना तयार करून केंद्राला दरवर्षी अहवाल द्यावा, असे तो सांगतो. कृषी खात्याचे नाव त्यात नाही.

३

कृषी खात्याचा संबंध दुसऱ्याच कायद्याशी येतो. कीटकनाशके अधिनियम, १९६८ याच्या मुळाशी १९५८ मधील केरळातील दुर्घटना आहे. जहाजातून आलेले अन्नधान्य त्याच मालातील पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झाले आणि शंभरांहून अधिक माणसे दगावली. न्यायमूर्ती शाह यांच्या चौकशी आयोगानंतर कायद्याच्या दिशेने पावले पडली. म्हणजे कायद्याच्या जन्माचे निमित्त शेतातील फवारणी हे नव्हते. वेष्टनातून बाहेर आलेले विष हे ते निमित्त होते. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे पुढील त्रुटी अधिकच खटकते.

या अधिनियमाखालील १९७१ च्या नियमांत चव्वेचाळिसावा नियम वापरलेल्या वेष्टनांविषयी आहे. उत्पादक, मिश्रणकर्ते व फवारणीचा व्यवसाय चालविणारे यांनी वेष्टने, उरलेला माल व धुण्याचे पाणी यांची अशी विल्हेवाट लावावी की पर्यावरण वा पाणी दूषित होणार नाही. वेष्टनांचा पुन्हा वापर होऊ नये म्हणून ती बाहेर पडू देऊ नयेत. ती फोडून वस्तीपासून दूर पुरावीत. नियम एवढाच. तो करणाऱ्यांना डब्यांच्या पुनर्वापराची कल्पना होती, हे त्यावरूनच उघड होते. पण शेतकरी त्यात नाही. उलट, अधिनियमाच्या अडतिसाव्या कलमाने स्वतःच्या लागवडीखालील जमिनीत कीटकनाशक वापरणाऱ्यास संपूर्ण अधिनियमातून वगळलेले आहे. शेतकऱ्याला परवान्यांच्या व निरीक्षकांच्या जाचातून मोकळे ठेवावे, हा त्यामागील हेतू योग्यच होता. पण सवलत विनाशर्त दिल्यामुळे डबाही तिच्यासोबत कायद्याच्या बाहेर गेला. आणि दुसऱ्याच्या शेतात मजुरीने फवारणी करणारा मजूर? जमीन त्याच्या लागवडीखाली नसल्यामुळे सवलत त्याची नाही. व्यवसायही त्याचा नसल्यामुळे चव्वेचाळिसाव्या नियमातील शब्दही त्याला धड लागू पडत नाही.

दोन्ही केंद्रीय मसुदे शेजारी ठेवले की विसंगती स्पष्ट होते. १९६८ च्या अधिनियमाने शेतकऱ्यास बाहेर ठेवले; २०१६ च्या नियमांच्या व्याख्येने त्याला नकळत आत घेतले. १९७१ चा नियम डबा फोडून पुरावयास सांगतो. २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा प्राधिकृत सुविधेकडेच गेला पाहिजे. एकीकडे गावागावांशी संबंध असलेले कृषी अधिकारी आहेत, पण डब्याविषयी त्यांच्या हाती पुरेसा नियम नाही. दुसरीकडे नियम असलेले मंडळ आहे, पण त्याचा व्यवहार कारखान्यांशी आहे. विदर्भातील घातक कचऱ्याची सामायिक सुविधा नागपूरजवळ बुटीबोरी येथे आहे. यवतमाळ शहरापासूनच ती शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. उमरखेड वा महागावच्या शेतातून ती किती दूर पडते हे सांगावयास नको.

४

यवतमाळ जिल्ह्यात या प्रश्नास २०१७ नंतर वेगळे गांभीर्य आले. त्या वर्षीच्या खरीप हंगामात कापसावर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली व शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यांत शेतकरी होते, तसेच मजुरीने फवारणी करणारेही होते. राज्य शासनाने अमरावती विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले, मृतांच्या वारसांना प्रत्येकी दोन लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. बंदीचा आधार कीटकनाशके अधिनियमाचे सत्ताविसावे कलम हा होता. त्या कलमाने राज्याला साठ दिवसांपर्यंतची बंदी घालता येत होती व तपास अपुरा राहिल्यास आणखी तीस दिवस. कायमची बंदी केंद्राच्या हाती होती.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे व तो न्याय्य आहे. २०१७ चे मृत्यू डब्यांमुळे झालेले नाहीत. उंच वाढलेले पीक, दमट व उष्ण हवा, अनेक औषधांचे एकत्र मिश्रण, संरक्षक साधनांचा अभाव या कारणांची त्या वेळी चर्चा झाली, आणि ती सर्व फवारणीच्या क्षणाशी निगडित होती. मग रिकाम्या डब्याचा प्रश्न पुढे करणे म्हणजे मुख्य विषयास बगल देणे नव्हे काय?

या आक्षेपाचे उत्तर असे की, दोन्ही प्रश्नांत कायद्याचे एकच वैगुण्य प्रकट होते. फवारणी करणाऱ्या माणसाशी कायदा विक्रेत्याच्या दुकानापर्यंतच बोलतो. माहितीपत्रक प्रादेशिक भाषेत असावे, डब्यावर विषारीपणाच्या प्रतीप्रमाणे रंगीत त्रिकोण असावा, हे तो काटेकोरपणे सांगतो. डबा दुकानातून बाहेर पडला की कायद्याचा आवाज क्षीण होतो. शेतात त्याच वस्तूचे नावही बदलते. डब्यावर 'विष' छापलेले असते. बोलण्यात त्याचे 'औषध' होते. औषधाची बाटली धुऊन ठेवण्यात कोणालाही गैर वाटत नाही. फवारणी हंगामापुरती असते. डबा मात्र हंगाम संपल्यावरही विहिरीच्या काठी, नाल्यात, भंगारात किंवा घरात राहतो. तात्पुरत्या बंदीचे साठ दिवस मोजता येतात. डब्याच्या वास्तव्याला अशी मुदत नसते. म्हणून २०१७ च्या घटनेचा धडा केवळ पिकावरील फवारणीपुरता घेणे अपुरे होय.

५

इतर संघराज्यांनी हा पेच कसा सोडविला, याची तुलना उद्बोधक ठरेल. अमेरिकेत घातक कचऱ्याचा संघीय कायदा १९७६ चा आहे. तेथे राज्यांना स्वतःची व्यवस्था चालविण्याचा अधिकार संघ सरकारकडून मिळतो व संघीय नियम बदलला की राज्यांना तो आपल्या नियमांत आणावा लागतो. बदल अधिक कडक असेल तर तो आणणे बंधनकारक असते. सैल असेल तर ऐच्छिक. कचरा निर्माण करणाऱ्यांविषयी नोव्हेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला सुधारित नियम ३० मे २०१७ रोजी अमलात आला तो आयोवा व अलास्का यांसारख्या, स्वतःची व्यवस्था नसलेल्या राज्यांत. इतरत्र तो राज्याने स्वीकारल्यावरच लागू व्हावयाचा होता. परिणामी एकाच वेळी वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळे नियम चालू राहिले. हा त्या पद्धतीचा दोष उघड आहे.

परंतु त्याच व्यवस्थेने शेतकऱ्याचा प्रश्न टाळलेला नाही. स्वतःच्या वापरातील कीटकनाशकाचा कचरा टाकणाऱ्या शेतकऱ्यास घातक कचऱ्याच्या नियमांतून तेथे सूट आहे. पण ती सशर्त आहे. प्रत्येक रिकामा डबा तीन वेळा धुतला पाहिजे, आणि उरलेल्या द्रवाची विल्हेवाट वेष्टनावरील सूचनांना अनुसरून स्वतःच्या शेतातच लावली पाहिजे. ब्राझीलने याच्या उलट मार्ग घेतला. तेथील २००० सालच्या कायद्याने शेतकऱ्यावर डबा धुऊन एक वर्षाच्या आत परत करण्याचे, विक्रेत्यावर तो स्वीकारण्याची सोय करण्याचे व उत्पादकावर तो नेऊन नष्ट वा पुनर्प्रक्रिया करण्याचे कर्तव्य टाकले. उत्पादकांनी त्यासाठी स्वतंत्र संस्था उभारली आणि प्राथमिक प्लास्टिक वेष्टनांचा फार मोठा भाग तेथे परत येऊ लागला.

एका देशाने शर्तीसह सूट दिली, दुसऱ्याने सोयीसह कर्तव्य दिले. भारतीय नियमांत एका कायद्याने विनाशर्त सूट आहे व दुसऱ्याने सोयीविना कर्तव्य आहे. दोन्ही विदेशी मार्गांत शेतकरी हा शब्द उच्चारलेला आहे, हे सर्वांत महत्त्वाचे. त्याला सवलत द्यावयाची असो वा जबाबदारी, प्रथम तो मसुद्यात दिसावा लागतो.

६

यवतमाळच्या दृष्टीने खऱ्या अंगीकाराचा अर्थ काय होईल? त्यासाठी नव्या केंद्रीय कायद्याची वाट पाहणे अपरिहार्य नाही. शेती, तिचे किडींपासून संरक्षण व सार्वजनिक आरोग्य हे राज्यसूचीतील विषय आहेत. विषे हा समवर्ती सूचीतील विषय आहे. पाचव्या नियमातील एकात्मिक योजना राज्यानेच करावयाची आहे, आणि तीत कीटकनाशकांच्या डब्यांचे स्वतंत्र प्रकरण घालण्यास कोणताही अडसर दिसत नाही. कीटकनाशक विक्रीचे परवाने देणारे अधिकारी राज्याचेच आहेत. म्हणजे डबा जेथून शेतात जातो ते कृषी सेवा केंद्र राज्याच्या दृष्टीच्या टप्प्यात आहे. जेथून गेला तेथेच तो परत यावा, सोळाही तालुक्यांत त्यांचा संग्रह व्हावा, आणि तेथून पुढची वाहतूक उत्पादकाच्या खर्चाने व्हावी, अशी योजना आखता येईल. उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीचे तत्त्व भारतीय कायद्यास नवे नाही. प्लास्टिक वेष्टनांच्या बाबतीत १६ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने त्याची तपशीलवार मांडणी झालेली आहे.

अशा योजनेत शेतकऱ्यावर पडणारे कर्तव्य हलके असले पाहिजे. डबा रिकामा होताच तीन वेळा विसळणे आणि ते पाणी फवारणी पंपातच ओतणे ही कृती खर्चाची नाही. औषधाचा शेवटचा थेंबही त्यामुळे पिकाच्या कामी येतो. त्यानंतर डब्याला भोक पाडून तो दुकानी परत देणे, एवढेच उरते. एवढे करणाऱ्यास भोगवटादाराच्या सर्व कर्तव्यांतून मोकळे करावे. हे विसळण्याचे काम मजुराच्या हातून होणार असेल, तर हातमोजे पुरविण्याचे दायित्व कोणाचे, हेही त्याच कागदावर लिहिले जावे. कारण सवलत मालकाला आणि धोका मजुराला अशी वाटणी सध्याच्या मसुद्यांनी करून ठेवली आहे.

यावर असे म्हटले जाईल की कागदावरील आणखी एका प्रकरणाने काय साधणार. अंमलबजावणी दुबळी असली म्हणजे शब्द कितीही नेमके असून उपयोग नाही. अंमलबजावणीचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. पण ज्या नियमात कर्ता कोण हेच ठरलेले नाही, त्याच्या अंमलबजावणीची मोजदाद तरी कशाच्या आधारे करावयाची? मंडळ दरवर्षी राज्यातील घातक कचऱ्याची यादी तयार करून केंद्रीय मंडळास पाठविते. ती भोगवटादारांच्या विवरणांवर आधारलेली असते. यवतमाळच्या शेतांतील डब्यांचे विवरण कोणी भरीत नाही. त्यामुळे तो कचरा त्या यादीत येण्याचा मार्गच नाही. जो कचरा मोजला जात नाही त्यासाठी सुविधा उभारली जात नाही, आणि सुविधा नाही म्हणून तो मोजण्याचा प्रश्नही उद्भवत नाही. हे वर्तुळ शब्दांपाशीच तोडता येण्यासारखे आहे.

१९८९ पासून २०१६ पर्यंत केंद्राने या नियमांची पुनःपुन्हा मांडणी केली व दर वेळी ते अधिक नेटके झाले. अनुसूची वाढल्या, मुदती ठरल्या, विवरणपत्रे सुधारली. राज्याच्या बाजूने मात्र एक पायरी घेतली जावयाची राहिली आहे : आपल्या जिल्ह्यांतील कचरा पुढे ठेवून नियम वाचण्याची. कायदा, कृषिशास्त्र व समाजशास्त्र यांच्या पदव्युत्तर अभ्यासकांना यात काम करण्यास मोठा वाव आहे. एका तालुक्यात एका हंगामात किती डबे विकले गेले आणि हंगामानंतर ते कोठे आढळले, एवढी साधी गणना झाली तरी पुढील सुधारणेस आधार मिळेल. ती गणना एखाद्या विद्यापीठीय विभागाने हाती घेतल्यास नियमाच्या अंगीकाराचे काम राजपत्रातून शेताच्या धुऱ्यापर्यंत प्रथमच पोचेल.